शिकत असताना केअरर्स अलाउन्स : अर्जाआधी अभ्यासक्रमाचे तास मोजा

इंग्लंडमध्ये पदवीच्या पहिल्या वर्षाला असताना मी केअरर्स अलाउन्ससाठी, म्हणजे काळजीवाहकाला मिळणाऱ्या सरकारी भत्त्यासाठी, अर्ज केला आणि तो नामंजूर झाला. पक्षाघाताच्या झटक्यानंतर आईची उजवी बाजू अधू झाली होती. तिला सकाळी उठवण्यापासून रात्रीच्या गोळ्या देण्यापर्यंत सगळे माझ्याकडेच होते, त्यामुळे आपला अर्ज फेटाळला जाईल असे माझ्या स्वप्नातही नव्हते. पत्रात आईच्या आजाराबद्दल किंवा माझ्या कामाबद्दल काहीच आक्षेप नव्हता. अर्जदार पूर्णवेळ शिक्षण घेत आहे, एवढेच कारण दिले होते. नियम न वाचता अर्ज केला ही चूक माझी होती, आणि तीच चूक करणारे विद्यार्थी मला अजूनही भेटतात म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये हा भत्ता 2025-26 या वर्षात आठवड्याला 83 पौंड 30 पेन्स होता. अर्जदाराचे वय किमान 16 असावे लागते, त्याने आठवड्याला निदान 35 तास एकाच व्यक्तीची काळजी घ्यावी लागते, आणि त्या व्यक्तीला आधीच एखादा पात्र अपंगत्व भत्ता मिळत असावा लागतो, उदाहरणार्थ पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंटचा दैनंदिन जीवनाचा भाग किंवा पेन्शनच्या वयानंतरचा अटेंडन्स अलाउन्स. आजी आणि आई अशा दोघींचे तास एकत्र करून 35 भरवता येत नाहीत. मात्र स्वयंपाक, कपडे, औषधे, दवाखान्याच्या फेऱ्या, फॉर्म भरणे हे सगळे त्या तासांत धरले जाते. पहिल्या अर्जात मी फक्त आईला आंघोळ घालण्याचा आणि फिरवण्याचा वेळ लिहिला होता. पुढे स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या मागे, जिथे पुण्यात आजी दुधाचा हिशेब लिहायची, तिथे मी रोजचे तास टिपू लागले आणि मऊ खिचडी करण्यापासून ब्लाउजची बटणे लावण्यापर्यंतची बेरीज तिसऱ्याच आठवड्यात 40 च्या वर गेली.

विद्यार्थ्याची खरी अडचण 21 तासांच्या अटीपाशी येते. आठवड्याला 21 किंवा त्याहून अधिक तास मार्गदर्शनाखालील अभ्यास असेल, तर अर्जदार पूर्णवेळ शिक्षणात आहे असे मानले जाते आणि भत्ता मिळत नाही. आपण वर्गात प्रत्यक्ष किती तास बसतो एवढ्यावरच हे ठरते अशी माझी समजूत होती, कारण माझी व्याख्याने आणि ट्यूटोरियल मिळून जेमतेम 12 तास होत होती. प्रत्यक्षात अभ्यासक्रमासाठी ठरवून दिलेले, घरी बसून करायचे कामही या हिशेबात येऊ शकते, आणि विद्यापीठाने अभ्यासक्रमाला पूर्णवेळ म्हटले असेल तर ते खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावर येते. दुसरे म्हणजे, सुट्ट्यांमध्येही विद्यार्थी पूर्णवेळच धरला जातो. उन्हाळ्याचे तीन महिने वर्ग नसतात म्हणून तेवढ्यापुरता अर्ज करण्याचा बेत मीही आखला होता. त्याचा उपयोग होत नाही.

दुसऱ्या वर्षी मी तोच अभ्यासक्रम अर्धवेळ करून घेतला आणि नव्याने केलेला अर्ज मंजूर झाला. पण माझे पाहून कुणी लगेच अर्धवेळ होऊ नये, आधी हिशेब मांडावा. घरी राहून पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्लंडमध्ये 2025-26 साठी राहणीखर्चाचे कर्ज जास्तीत जास्त 8,877 पौंड मिळत होते. अभ्यासाचा वेग निम्मा केला की ते कर्जही निम्म्यावर येते, म्हणजे साधारण 4,440 पौंडांची तूट पडते. भत्ता वर्षभर मिळाला तर होतात 4,330 पौंड. हातात येणारी रक्कम जवळपास सारखीच राहते आणि पदवी मात्र सहा वर्षांवर जाते. भत्ता परत फेडायचा नसतो, कर्ज फेडायचे असते, ही जमेची बाजू आहेच. तरीही मी अर्धवेळ झाले त्याचे खरे कारण पैसा नव्हता, मी थकले होते. केवळ भत्त्यासाठी तीन वर्षे वाढवणे मला स्वतःला शहाणपणाचे वाटत नाही. त्यातही घरबसल्या दूरशिक्षणाने शिकायचे असेल, तर राहणीखर्चाचे हे अर्धवेळ कर्ज सहसा मिळतच नाही.

स्कॉटलंडमध्ये चित्र वेगळे आहे. तिथे केअरर्स अलाउन्सच्या जागी केअरर सपोर्ट पेमेंट आले आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये डंडीसह तीन भागांत सुरुवात झाली आणि नोव्हेंबर 2024 पासून ते सर्वत्र लागू झाले. वय 20 किंवा अधिक असेल तर पूर्णवेळ शिकणाऱ्यालाही ते मिळू शकते, आणि 16 ते 19 वयोगटातले पदवी किंवा तत्सम उच्च शिक्षण घेणारेही पात्र ठरतात. माझी मावसबहीण डंडीत पूर्णवेळ शिकते, वडिलांना सांभाळते आणि तिला ही रक्कम मिळते. माझ्यासारखाच तिचा दिवस जातो, पण सीमेच्या पलीकडे नियम निराळा आहे. याचा मला थोडा हेवा वाटतो, हे लपवत नाही.

महाराष्ट्रातून स्टुडंट व्हिसावर आलेल्यांसाठी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. केअरर्स अलाउन्स हा सार्वजनिक निधीतला लाभ आहे आणि स्टुडंट व्हिसावर असे लाभ घेण्यास मनाई असते. मी इथे कायम वास्तव्याच्या परवानगीवर आहे. ज्यांना ती परवानगी आहे त्यांनाही साधारणपणे मागच्या तीन वर्षांतली किमान दोन वर्षे इथे राहिल्याचे दाखवावे लागते. व्हिसाच्या अटी मोडून केलेला अर्ज पुढच्या व्हिसाच्या आड येऊ शकतो, तेव्हा ओळखीच्या कुणाला मिळाला एवढ्या भांडवलावर फॉर्म भरू नये.

अर्ज कधी करावा यालाही महत्त्व आहे. भत्ता मागील तीन महिन्यांपर्यंतचा मागता येतो. ज्यांची आपण काळजी घेतो त्यांच्या अपंगत्व भत्त्याचा निर्णय महिनोन्महिने रखडला असेल, तर तो निर्णय आल्यापासून तीन महिन्यांच्या आत आपला अर्ज करावा, म्हणजे त्यांचा भत्ता ज्या तारखेपासून मंजूर झाला तिथपर्यंतची आपली रक्कमही मागता येते. त्याआधी आणखी एक चौकशी आवश्यक आहे : ती व्यक्ती एकटी राहत असेल आणि तिला तीव्र अपंगत्वासाठी वाढीव रक्कम मिळत असेल, तर आपल्याला भत्ता सुरू होताच तिची ती रक्कम बंद होऊ शकते. आम्ही एकाच घरात राहत असल्यामुळे हा प्रश्न आमच्यापुढे आला नाही.

अर्धवेळ शिकणारे बहुतेक जण कुठेतरी नोकरीही करतात. 2025-26 मध्ये कर वगैरे वजा जाता आठवड्याची कमाई 196 पौंडांपर्यंत चालत होती, त्याआधी ही मर्यादा 151 होती. मर्यादा एका पेनीने ओलांडली तरी त्या आठवड्याचा सगळा भत्ता जातो. नाताळच्या गर्दीत दुकानात मी एक जादा पाळी घेतली आणि 30 पौंडांच्या मोहापायी 80 हून अधिक घालवले. मी ते त्याच आठवड्यात कळवले म्हणून गोष्ट तिथेच मिटली. न कळवल्यामुळे जादा मिळत जाऊन साचलेल्या भत्त्याच्या रकमा काळजीवाहकांच्या डोक्यावर हजारो पौंडांचे देणे होऊन बसल्या, आणि 2024 मध्ये सरकारला अपंगांच्या हक्कांसाठी काम केलेल्या लिझ सेस यांच्याकडे त्याची स्वतंत्र चौकशी सोपवावी लागली, इतका हा प्रश्न मोठा आहे. स्वतःच्या पेन्शनमध्ये भरलेल्या रकमेचा निम्मा भाग कमाईतून वजा होतो, हे लक्षात असू द्यावे. विद्यार्थी कर्ज कमाईत धरले जात नाही.

ज्यांना पूर्णवेळच शिकायचे आहे त्यांनी निदान केअरर्स क्रेडिटचा अर्ज करावा. त्यात हातात पैसे येत नाहीत, पण आठवड्याला 20 तासांच्या काळजीवर नॅशनल इन्शुरन्सच्या, म्हणजे सरकारी पेन्शन ज्यावर ठरते त्या वर्गणीच्या, नोंदीत पडणारी पोकळी भरून निघते आणि 21 तासांची अट तिथे आड येत नाही. शेवटच्या वर्षाला असाल तर विद्यापीठाकडून अभ्यासक्रम संपण्याची नेमकी तारीख लेखी घ्या, कारण त्या तारखेनंतर तुम्ही पूर्णवेळ विद्यार्थी राहत नाही आणि पदवीदान समारंभाची वाट न पाहता अर्ज करता येतो.