नुसता फिरणारा स्क्रू घट्ट कसा बसवला

इंदूरला रामबागेत आमच्या घरी जुनं सागवानी कपाट आहे. त्याची बिजागरी सारखी निघायची. स्क्रू भोकात नुसताच गरगर फिरायचा. लांब स्क्रू घातला तर पातळ फळीतून टोक बाहेर येतं. म्हणून लेकीने काडेपेटीतल्या काड्यांची गुलं तोडली आणि काड्या फेविकॉलात बुडवून भोकात ठासल्या. काड्या लाकडीच हव्यात, मेणाच्यांना फेविकॉल धरत नाही. सकाळी वर आलेली टोकं पटाशीने छाटली. पटाशी नेहमी अंगापासून दूर ढकलायची, हे मी तिला सगळ्यात आधी शिकवलं. मग ३ मिलिमीटरच्या बिटने सरळ भोक. ८ नंबरच्या स्क्रूला तेवढं पुरतं. ड्रिल तिच्याच हातात, मी फक्त दार धरलं. शेवटचे आटे पेचकसने हातानेच आवळले, मशीनने भोक परत सैल होतं.

"बाबा, खालची बिजागरी पण मीच बसवणार!"

बसवली.