दाब काढताना आधी क्षेत्रफळ नीट पाहावे

पृष्ठभागाच्या एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने जेवढे बल पडते त्याला दाब म्हणतात. म्हणून बलाला क्षेत्रफळाने भागले की दाब मिळतो. बल न्यूटनमध्ये आणि क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घेतल्यास उत्तर पास्कलमध्ये येते. सूत्र एवढेच असले तरी उत्तरे चुकतात, आणि ती बहुधा क्षेत्रफळापाशीच चुकतात.

समजा, 20 सेंमी लांब, 10 सेंमी रुंद आणि 5 सेंमी जाड असा 2.5 किलोग्रॅम वस्तुमानाचा दगडी ठोकळा सपाट जमिनीवर ठेवला आहे. वस्तुमान म्हणजे बल नव्हे. त्याला गुरुत्व त्वरणाने, म्हणजे 9.8 ने गुणल्यावर 24.5 न्यूटन हे वजन मिळते. ठोकळा आडवा असताना 200 चौरस सेंमी भाग जमिनीला टेकतो. एका चौरस मीटरमध्ये 100 नव्हे, तर 10,000 चौरस सेंमी असतात, हे येथे विसरता कामा नये. त्यामुळे क्षेत्रफळ 0.02 चौरस मीटर आणि दाब 1,225 पास्कल येतो. तोच ठोकळा सर्वांत लहान बाजूवर उभा केला, तर क्षेत्रफळ 0.005 चौरस मीटर उरते आणि वजन तेच असूनही दाब 4,900 पास्कल, म्हणजे चौपट होतो. ठोकळ्याऐवजी चार पायांचे टेबल असेल, तर फळीचे नव्हे, चारही पायांच्या तळांचे एकत्रित क्षेत्रफळ घ्यावे. बल तिरपे असल्यास त्याचा पृष्ठभागाला लंब असलेला घटकच हिशेबात धरावा.

द्रवाच्या बाबतीत मात्र हे क्षेत्रफळ सूत्रातून नाहीसेच होते, आणि या विषयातला सर्वांत सुंदर भाग मला हाच वाटतो. तळाच्या एखाद्या तुकड्यावर उभ्या असलेल्या पाण्याच्या स्तंभाचे वजन म्हणजे क्षेत्रफळ, खोली, घनता आणि गुरुत्व त्वरण यांचा गुणाकार. त्याला त्याच क्षेत्रफळाने भागल्यावर खोली, घनता आणि गुरुत्व त्वरण एवढेच शिल्लक राहतात. म्हणूनच भांडे अरुंद असो की पसरट, स्थिर पाण्यात समान खोलीवर दाब समान असतो. ही खोली पृष्ठभागापासून सरळ खाली मोजावी, भांड्याच्या उतरत्या भिंतीलगत नव्हे. पाण्याची घनता 1,000 किलोग्रॅम प्रति घनमीटर धरल्यास 3 मीटर खोलीवर पाण्यामुळे 29,400 पास्कल दाब पडतो. प्रश्नात एकूण दाब विचारला असेल आणि भांडे वर उघडे असेल, तर समुद्रसपाटीवरील हवेचा सुमारे 1,01,325 पास्कल दाब त्यात मिळवावा. उत्तर 1,30,725 पास्कल येईल.