तांबड्या समुद्राच्या वाटेने जाणारे मोठे पक्षी कसे वाचवायचे

युरोप आणि पश्चिम आशियातले पांढरे बलाक, पाणकोळी, गरुड, इजिप्शियन गिधाडं दरवर्षी रिफ्ट खोरं (पश्चिम आशियातून आफ्रिकेत उतरणारी लांबच लांब खोलगट दरी) आणि तांबड्या समुद्राच्या काठाने आफ्रिकेत जातात आणि परततात. 37 जातींचे 15 लाखांवर पक्षी. हे सारखे पंख मारत नाहीत. तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते, तिच्यात घिरट्या घालत ते उंची गाठतात आणि पुढच्या अशा जागेपर्यंत तरंगत जातात. समुद्रावर ही सोय नसते, म्हणून सगळे अरुंद जागी गोळा होतात: सुएझ, सुएझच्या आखाताचा किनारा, तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाची बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी.

उंचावर असेपर्यंत त्यांना फारसा धोका नसतो. उंची सुटली की तो सुरू होतो: सकाळी ऊन तापण्याआधी, संध्याकाळी मुक्कामाला उतरताना, धुळीच्या वादळात, पाणी ओलांडून दमून किनाऱ्याला लागताना. आपल्या प्रकल्पाजवळ पक्षी कुठे आणि किती वाजता खाली येतो, हे आधी शोधा. वीज, कचरा, शेती, कोणतंही खातं असो, पहिलं काम हेच.

पवनचक्क्या उभारण्याआधी वसंत आणि शरद, दोन्ही हंगामांत ठरलेल्या उंचवट्यांवरून निरीक्षण करा. एकाच हंगामाच्या नोंदीवर जागा ठरवू नका. जाताना आणि येताना वाट बदलते. प्रत्येक थव्याची जात, संख्या, वेळ, दिशा आणि पात्यांच्या उंचीच्या पट्ट्यातून गेला का, हे लिहा. डोंगराची धार आणि समुद्र ओलांडण्याआधी थवे जमतात तो किनारा शक्यतो सोडाच. जागा चुकली तर पुढचा कोणताही उपाय ती चूक पूर्ण भरून काढत नाही.

चक्क्या उभ्या असतील तर हंगामात गरजेप्रमाणे त्या थांबवायच्या. सुएझच्या आखातावर इजिप्तमधल्या जबल अल-झैत इथल्या पवनचक्क्यांवर रडार आणि निरीक्षक यांच्या जोडीने हे केलं जातं. रडार थवा लांबून दाखवतं, पण जात ओळखत नाही; त्यासाठी दुर्बीण घेतलेला माणूसच लागतो. चक्की थांबवण्याचे नियम आधी लिहून ठेवा: संकटग्रस्त जातीचा एक पक्षीही पात्यांच्या पट्ट्याकडे येत असेल, दहा किंवा अधिक पक्ष्यांचा थवा असेल, किंवा धुळीच्या वादळात पक्षी खाली दाबले जात असतील, तर थांबवा. ताशी 50 किमी वेगाने येणारा पक्षी 2 किमी अंतर सुमारे अडीच मिनिटांत कापतो. एवढ्या वेळात ओळख, वायरलेसवरचा निरोप आणि पाती मंद होणं, सगळं बसलं पाहिजे. म्हणून निरीक्षकाला थेट नियंत्रण कक्षाला आदेश देण्याचा अधिकार द्या. निरोप साहेबांमार्फत फिरू लागला की पद्धत कागदावरच राहते. थवा दिसल्याची, आदेशाची, पाती थांबल्याची आणि पुन्हा सुरू झाल्याची वेळ नोंदवा.

चक्कीखाली मेलेले पक्षी शोधताना पात्याच्या टोकाच्या उंचीइतक्या अंतरापर्यंत तरी फिरा. कोल्हे आणि कुत्री कलेवरं लवकर नेतात. त्यामुळे मुद्दाम काही कलेवरं ठेवून ती किती दिवस टिकतात आणि शोधणाऱ्याला त्यातली किती सापडतात, हे तपासा. नाहीतर 'एकही पक्षी मेला नाही' या नोंदीला काही अर्थ नाही.

विजेच्या तारांवर मृत्यू दोन तऱ्हेने येतो. मध्यम दाबाच्या लाइनवर खांबावरच्या लोखंडी आडव्या दांडीवर (क्रॉस आर्म) तार पेलणारे उभे पिन इन्सुलेटर असले, तर बसलेल्या पक्ष्याचा पंख तारेला लागतो, पाय आर्मवर असतात आणि करंट त्याच्यातून जातो. सुदानमधल्या पोर्ट सुदानजवळ 1950 च्या दशकातली अशीच एक लाइन इजिप्शियन गिधाडांचा काळ ठरली होती; ती 2014 मध्ये बंद केली गेली. नवी लाइन टाकताना इन्सुलेटर आर्मखाली लटकते घ्या. बसण्याच्या जागेपासून तार किमान 60 सेंमी आणि तारांमधलं अंतर किमान 140 सेंमी ठेवा. बलाकाचे पंख पसरले की दोन मीटरच्या आसपास जातात, म्हणून त्यांच्या मुक्कामाजवळ अंतर वाढवा किंवा तार झाका. ओली पिसं करंट वाहून नेतात, हेही धरून चाला. जुन्या लाइनवर पिनच्या दोन्ही बाजूंना 70 सेंमी तार इन्सुलेशनने झाका आणि जंपर (दोन तारा जोडणारा छोटा तुकडा) आर्मच्या वरून न नेता खालून न्या. स्वस्त प्लॅस्टिकच्या टोप्या वाळवंटी उन्हात तडकतात; दरवर्षी तपासा. आर्मवर नुसते खिळे लावले तर पक्षी सरकून तारेजवळच बसतो.

दुसरी तऱ्हा धडकेची. उच्च दाबाच्या लाइनवर पक्षी जाड तारा चुकवायला वर उठतो आणि त्याहून वरच्या, आकाशातल्या विजेपासून लाइन वाचवणाऱ्या बारीक अर्थ वायरला आपटतो. खुणेच्या चकत्या त्याच वायरवर दर 5 ते 10 मीटरला लावा.

उघड्या कचऱ्यावर बलाक आणि गिधाडं उतरतात, रबर आणि प्लॅस्टिक गिळतात. दिवसअखेर कचऱ्यावर 15 सेंमी मातीचा थर टाका. शर्म अल-शेखजवळ सांडपाण्याच्या तळ्यांवर दमलेले बलाक पाणी शोधत उतरतात. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या उभ्या कडांवरून ओला पक्षी वर येऊ शकत नाही. कड उतरती करा, खरखरीत पट्ट्या टाका. विषारी तळ्यावर जाळी हवीच, पण जाड दोऱ्याची आणि ताणलेली. ढिल्या बारीक जाळीत पाय अडकतात.

शिकारीचं नियंत्रण थवे मुक्कामाला उतरतात त्या जागी, संध्याकाळी आणि पहाटे ठेवा.

शेतीत तरसा-कोल्ह्यांसाठी मांसात विष घालणं थांबवा. ते मांस गिधाडं आणि गरुडही खातात. टोळधाडीवर जमेल तिथे मेटारायझियम बुरशीचं जैविक औषध वापरा. गुरांच्या दुखण्यावरचं औषध हा मुद्दा आपल्या ओळखीचा: काही औषधं टोचलेल्या जनावराचं मढं खाऊन गिधाडं मरतात. भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर 2006 मध्ये आणि केटोप्रोफेन, असिक्लोफिनॅकवर 2023 मध्ये बंदी घातली. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम द्या. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात होत्या, म्हणून 2015 मध्ये डायक्लोफिनॅकच्या इंजेक्शनची बाटली 3 मिलीवर आणावी लागली. जनावर मेलं की त्याला अलीकडे काय टोचलं होतं ते विचारा. यातलं एखादं औषध असेल तर मढं उघड्यावर न टाकता खोल पुरा.