बंधारा, घाट आणि जलपर्णी: गळासाठी तंगूस कोणता घ्यावा

तंगूस, म्हणजे गळाला बांधायचा दोर, घेताना दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती किलोपर्यंत टिकेल? कोल्हापूरच्या पाण्यात तो प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. दोन किलोच्या मरळीनं नऊ किलोचा तंगूस तोडला असं कुणी सांगितलं, तर मरळीनं तो ओढून तोडलेला नसतो. दगडाच्या कडेला घासून कापला गेलेला असतो, नाहीतर गाठीत गेलेला असतो. पंचगंगेला घाटाच्या पायऱ्या आहेत, बंधाऱ्यांचे दगडी खांब आहेत, काठाला बुडालेली झुडपं आहेत. तलावांत जलपर्णी आहे. मासा राहतो तो नेमका याच अडचणीत. म्हणून आधी हे ठरवायचं की लागलेला मासा पळणार कुठं आणि तिथं दोर कशाला घासणार. जाडी आणि प्रकार त्यावरून निघतो.

अमेरिकेतल्या बास माशाचे व्हिडिओ बघून खरेदी करणाऱ्यांची गडबड इथंच होते. तिकडं तळ्याकाठच्या लाकडी धक्क्यांखाली बास सावलीला बसतो आणि अनेक तळ्यांचं पाणी नितळ असतं. त्यामुळे 12 ते 17 पौंड ताकदीचा फ्लुरोकार्बन, म्हणजे पाण्यात सहसा न दिसणारा दोर, ही तिथली नेहमीची शिफारस, आणि तिथं ती बरोबरही आहे. आपल्याकडं लाकडी खांबाच्या जागी काळा खडबडीत दगड आहे आणि वर्षातले बरेच महिने पाणी गढूळ किंवा हिरवं असतं. पाण्यात न दिसणाऱ्या दोरासाठी चौपट पैसे मोजायचे आणि तो अशा पाण्यात टाकायचा की जिथं हातभर खोलीवरचा गळसुद्धा दिसत नाही, यात अर्थ नाही.

तीन प्रकार, तीन स्वभाव

साधा नायलॉनचा तंगूस ताणला की तुटायच्या आधी 20 ते 30 टक्के लांबतो. लांबवर गळ टाकला असेल तर हा दोष, कारण हिसका माशापर्यंत मऊ होऊन पोचतो. पण बंधाऱ्यावर मासा पाच-दहा मीटरवर लागतो, आणि तिथं हाच ताण झटका खाऊन घेतो, ओठ फाटू देत नाही. नायलॉन पाणी पितो, उन्हानं कुजतो. दुकानाच्या काचेत उन्हात पडून असलेली रिळं स्वस्तात मिळाली तरी घेऊ नयेत.

फ्लुरोकार्बन पाण्याच्या पावणेदोन पट जड, त्यामुळे बुडतो. घासायला कडक आहे, पण एकदा ओरखडा बसला की ताकद झपाट्यानं जाते. ताठ असल्यामुळे पूर्ण रीळ त्यानं भरलं तर वेटोळ्या सुटून गुंता होतो. आपल्याकडं त्याचं काम लीडरपुरतं, म्हणजे मुख्य दोराच्या पुढं गळाकडं जोडायच्या तुकड्यापुरतं, तेही डिसेंबर ते फेब्रुवारीत पाणी निवळलेलं असताना. बुचाच्या (तरंगत्या) गळाला आणि पाण्यावरून चालवायच्या रबरी बेडकाला तो बांधू नये; दोर बुडतो आणि आमिषाला खाली ओढतो.

ब्रेडेड म्हणजे पॉलिथिलीनच्या बारीक तंतूंची वेणी. त्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा दुपटीहून जास्त ताकद, ताण जवळजवळ नाही, पाण्यावर तरंगतो. जलपर्णीचा देठ कापत येतो. मात्र ताणलेला ब्रेडेड दगडाच्या धारेवर आडवा घासला की एकेक तंतू तुटत जातो आणि 13 किलोचा दोर बघता बघता जातो. ब्रेडेड सगळ्यात मजबूत हे तराजूवर खरं आहे, दगडावर नाही.

पटत नसेल तर घरी करून बघता येतं. 0.35 मिलिमीटरचा तंगूस आणि 20 पौंडांचा ब्रेडेड, दोन्हींना एकेक लिटर पाण्याची भरलेली बाटली टांगा. काळ्या दगडाच्या एकाच कडेवरून दोन्ही सारख्याच अंतरानं पुढंमागं घासा आणि फेऱ्या मोजा. कुठली बाटली आधी खाली येते ते बघून मग पाकीट उघडा.

पाकिटावरचे आकडे

एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. 10 पौंड साडेचार किलो, 20 पौंड नऊ किलो, 30 पौंड साडेतेरा किलो. चांगल्या नायलॉनला 0.25 मिलिमीटरला चार किलोच्या आसपास, 0.30 ला साडेपाच, 0.35 ला सात, 0.40 ला नऊ किलो ताकद मिळते. 0.25 वर कुणी 12 किलो छापलं असेल तर एकतर ताकद खोटी, नाहीतर जाडी खोटी. वर्नियर मिळाला तर जाडी मोजून घ्यावी. आकडे जुळवायचे ते मिलिमीटरवरून, पौंडांवरून नाही. आणि किलोचा हा आकडा कोऱ्या, विनागाठीच्या दोराचा असतो. दोराला नुसती साधी गाठ पडली, वाऱ्यानं पडते तशी, तरी ताकद निम्म्यावर येते.

जागेप्रमाणे

बंधाऱ्याला जरा जास्त वेळ देऊ, कारण दोर सगळ्यात जास्त तिथंच जातात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात खांबांना उभ्या खाचा असतात. पावसाळा संपला की त्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, पुढच्या पावसाळ्याआधी काढतात. बरगे घातलेले असताना फटींतून पाण्याच्या धारा सुटतात आणि मासा त्या धारेच्या कडेला, खांबाच्या आडोशाला उभा राहतो. गळ लागला की तो खांबाला वळसा घालतो. दोर आधी खांबाच्या कोपऱ्यावर घासतो, मग खाचेच्या कडेवर, आणि ही दुसरी जागा दोर कापते.

इथं मुख्य दोर 0.35 चा नायलॉन, त्यापुढं दीड मीटर 0.50 चा नायलॉन लीडर. सगळाच दोर 0.50 चा का नको? जाड दोराला धार ढकलते, शिसं वाढवावं लागतं आणि जड शिसं दगडांत आणखी अडकतं. लीडर दीड मीटरच, कारण सात फुटी रॉडवर जोडगाठ टोकाच्या कडीबाहेर राहते आणि फेकताना खटकत नाही. त्याहून मोठा लीडर लावला की गाठ कड्यांतून जाते आणि झिजते.

उभं राहायची जागासुद्धा दोर वाचवते. खांबाच्या अगदी डोक्यावर उभं राहून खाली गळ सोडला तर मासा लागल्यावर कोपरा चुकत नाही. बाजूच्या काठावरून, धारेला तिरकं टाकलं तर त्याला उघड्या पाण्याकडं वळवता येतं. ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तेव्हा दोर सुटू देणारा रिळाचा ब्रेक, दोराच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा. सात किलोच्या दोराला सव्वादोन ते अडीच किलो. स्प्रिंगच्या वजनकाट्याला दोर अडकवून ओढा, काटा तिथं पोचताना रीळ सुटलं पाहिजे. अंदाजानं घट्ट केलेला ड्रॅग बहुधा जास्तच घट्ट असतो.

वाम मात्र ड्रॅगवर सोडू नये. ती दगडाच्या कपारीत शेपटी अडकवून बसते आणि मग दोर तुटेपर्यंत हलत नाही. तिच्यासाठी सरळ 0.40 चा तंगूस, ड्रॅग घट्ट, आणि लागल्या लागल्या वर.

घाटाच्या पायऱ्यांवरून रोहू-मृगळासाठी तळाला कणकेचा गोळा टाकणाऱ्यांचं नुकसान मासा करत नाही, शिसं करतं. पायऱ्यांच्या सांध्यात शिसं बसलं की गळासकट सगळं जातं. मुख्य दोर 0.30 ठेवा, आणि शिसं त्यावर थेट न ओवता 0.20 च्या वीतभर तुकड्यानं बाजूला बांधा. अडकलं तर ओढल्यावर तेवढा तुकडा तुटतो. शिसं जातं, मासा आणि गळ राहतो. गळाचा शेवटचा वीतभर भाग 0.25 चा पुरे. रोहूला दात जबड्यात नसतात, घशात असतात, त्यामुळे ओठात लागलेल्या गळाचा दोर तो चावत नाही.

जलपर्णीतल्या मरळीसाठी ब्रेडेडला पर्याय नाही. 40 ते 50 पौंड, म्हणजे 0.32 ते 0.36 मिलिमीटर, रबरी बेडूक थेट त्याच दोराला बांधायचा, लीडर नको. मरळ पान फोडून बेडूक घेते तेव्हा लगेच हिसका मारू नये. दोर सरकायला लागला की मारावा आणि तिचं डोकं खाली वळायच्या आत तिला पानांवरून घसटत आणावं. इथं ड्रॅग जवळजवळ पूर्ण घट्ट. जलपर्णीच्या कडेला दगडी भिंत असेल तर मात्र 0.50 चा नायलॉन लीडर पाहिजेच.

चिलापीला बूच आणि 0.18 ते 0.20. त्यात विचार करण्यासारखं फारसं काही नाही.

रंगाचं फार मनावर घेऊ नये. गढूळ पाण्यात चहासारखा किंवा हिरवट चालतो, आणि ब्रेडेड पिवळा असला तर सरकताना डोळ्याला दिसतो, हाच फायदा.

रीळ भरताना

रिळावर क्षमता छापलेली असते, उदाहरणार्थ 0.30 / 200, म्हणजे 0.30 मिलिमीटरचा 200 मीटर. दुसऱ्या जाडीचा दोर किती मावेल ते जाडीच्या वर्गावरून (जाडी गुणिले जाडी) काढायचं. 0.35 चा साधारण 147 मीटर मावेल. 0.23 चा ब्रेडेड 340 मीटर मावेल, पण तेवढा कुणालाच लागत नाही आणि तो महाग. 100 मीटर ब्रेडेड घ्या आणि खाली 140 मीटर 0.30 चा स्वस्त नायलॉन भरा. त्यानं पैसे वाचतात आणि दुसरं म्हणजे ब्रेडेड गुळगुळीत रिळावर घसरत नाही. नुसता ब्रेडेड बांधला तर मोठा मासा लागल्यावर आख्खी गुंडाळीच रिळावर फिरते, आणि माणूस ड्रॅगला शिव्या देत बसतो.

भरताना दोर ओल्या फडक्यातून चिमटीत धरून ताणात घ्या. नवी गुंडाळी जमिनीवर आडवी ठेवा, वीसेक फेऱ्या भरा, मग दोर सैल सोडून बघा. पीळ पडून वेटोळी झाली तर गुंडाळी उलटी करा. रिळाच्या काठापासून दोन मिलिमीटर जागा सोडा. काठोकाठ भरलं की पहिल्याच फेकीला झुपका सुटतो, फार कमी भरलं की फेक जवळच पडते.

गाठी

नायलॉनला साधी पाच-सहा वेढ्यांची क्लिंच गाठ चालते. ब्रेडेडवर तीच गाठ घसरून सुटते. त्याला पालोमार बांधा: दोर दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून काढायचा, सैल गाठ मारायची, फासातून आख्खा गळ घालायचा आणि ओढायचं. ब्रेडेड आणि लीडर जोडायला डबल युनी, ब्रेडेडच्या बाजूला आठ वेढे आणि नायलॉनच्या बाजूला चार-पाच. कुठलीही गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करावी. कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेनं दोर जळतो, आणि फ्लुरोकार्बनला तर ते अजिबात सोसत नाही. जळलेल्या गाठीजवळ दोर पिळवटून पांढरा दिसतो. तशी दिसली की कापा आणि पुन्हा बांधा.

अडकल्यावर आणि पाणी वाढल्यावर

अडकलेला ब्रेडेड हाताला गुंडाळून ओढू नये, बोटाच्या हाडापर्यंत कापतो. वीतभर काठीला सात-आठ वेढे द्या, रॉड बाजूला ठेवा, तोंड वळवा आणि सरळ मागं चालत जा. तोंड वळवायचं कारण असं की शिसं सुटलं तर ते गोळीसारखं येतं.

पहिल्या पावसात चढणीचे मासे बंधाऱ्याखाली गोळा होतात आणि काठावर गर्दीही होते. ते अंड्यांनी भरलेले असतात, सोडून द्यावेत. त्या दिवसांत दोराआधी पाण्याकडं बघावं. शहरात ऊन असलं तरी राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावतीतून पाणी पंचगंगेला येतं. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फुटांवर, धोका पातळी 43 फुटांवर आहे, पण बंधारा त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातो. तलावावर गळ टाकण्याआधी ठेका कुणाकडं आहे ते विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी मच्छीमार संस्थेची परवानगी लागते.

प्रत्येक मासा आणि प्रत्येक अडकणं झालं की शेवटचा दोन मीटर दोर अंगठ्याच्या नखावरून ओढून बघा. खरखर लागली तर तेवढा कापून टाका, काठावर न टाकता खिशात घाला. बगळ्यांच्या पायात गुरफटतो. नायलॉन दर मोसमाला बदला. ब्रेडेड दोन-तीन मोसम जातो, आणि पुढचा निम्मा भाग फुलून पांढरा पडला की तो दुसऱ्या रिळावर उलटा भरून घेतला तर आतला कोरा भाग वर येतो.