चर्च ऑफ इंग्लंडमध्ये सामान्य (पाद्री नसलेल्या) सभासदांचे मत जनरल सिनडपर्यंत, म्हणजे चर्चच्या राष्ट्रीय विधिमंडळापर्यंत, कसे न्यावे
प्रथम पॅरिशच्या (स्थानिक चर्चक्षेत्राच्या) मतदारयादीत नाव नोंदवावे. त्यासाठी बाप्तिस्मा झालेला असावा आणि वय किमान १६ असावे. पॅरिशच्या वार्षिक सभेत होणारी डीनरी सिनडची (जवळपासच्या पॅरिशांच्या एकत्रित सभेची) निवडणूक कुणी फारशी मनावर घेत नाही, पण खरी मेख तिथेच आहे, कारण जनरल सिनडमधील सामान्य सभासदांचे सभागृह यादीतील सर्व जण नव्हे, तर हे डीनरी प्रतिनिधी निवडतात. याच सभागृहात २०१२ मध्ये स्त्रियांना बिशप करण्याचा प्रस्ताव १३२ विरुद्ध ७४ मते पडूनही, आवश्यक दोन तृतीयांश बहुमताला सहा मते कमी पडल्याने अडला. म्हणून डीनरी सिनडसाठी स्वतःच उमेदवारी भरावी. जनरल सिनडच्या निवडणुकीत मत देताना फुली न मारता पसंतीक्रम अंकांत लिहावा. सर्व सभासदांना थेट मताधिकार हवा असल्यास तसा ठराव डीनरी सिनडमध्ये मंजूर करून धर्मप्रांताच्या सिनडकडे पाठवावा.