नवा कन्सोल घ्यावा की थांबावे?

नव्या पिढीचा कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र) घेण्यापूर्वी आपला टीव्ही तपासावा. २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ मधून ४के (खूप बारीक तपशिलाचे) चित्र १२० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला १२० वेळा ताजे होणारे, मिळू शकते, पण टीव्ही १०८०पी (४केपेक्षा कमी तपशिलाचा) आणि ६० हर्ट्झचा असेल, तर त्यातला बराचसा फायदा पडद्यावर उतरतच नाही. कन्सोलमधल्या एसएसडीमुळे (माहिती वेगाने वाचणाऱ्या साठवणुकीमुळे) गेम झटपट लोड होण्याचा लाभ मात्र कोणत्याही टीव्हीवर मिळतो आणि माझ्या मते रोजच्या खेळात तोच अधिक जाणवतो. जुन्या गेमच्या डिस्क जपून ठेवल्या असतील, तर एक्सबॉक्स सिरीज एससारखे डिस्क ड्राइव्ह नसलेले मॉडेल स्वस्त वाटले तरी टाळावे. खेळायचे असलेले सगळे गेम जुन्या कन्सोलवरही निघत असतील, तर खुशाल थांबावे.