घरच्या घरी स्ट्रॉबेरी सॉर्बे, आईस्क्रीमचं मशीन नसलं तरी

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी साधारण डिसेंबर ते मार्च मस्त मिळते, तेव्हाच सॉर्बे, म्हणजे दूध न घालता फळाचं केलेलं आईस्क्रीमसारखं, करा. अर्धा किलो घ्या, पण देठाजवळ पांढरी असलेली नको, ती नुसती आंबट लागते, थोडी मऊ पडलेली चालेल उलट तीच बरी आणि भाव पण कमी होतो. आधी धुवायची, मग देठ काढायचे, उलटं केलं की आत पाणी शिरतं.

१२० ग्रॅम साखर आणि अर्धी वाटी पाणी गरम करून साखर विरघळली की गॅस बंद, तार बिर काही नको. पाक पूर्ण गार झाला की स्ट्रॉबेरी, अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ टाकून मिक्सरला फिरवा. बिया दाताखाली आलेल्या आवडत नसतील तर गाळून घ्या, मी नाही गाळत.

आता चव बघा, जरा जास्तच गोड लागली पाहिजे, कारण गार झाल्यावर गोडी कमी जाणवते. आणि डाएट म्हणून साखर फार कमी करू नका हां, साखरेमुळेच ते दगडासारखं गोठत नाही, नाहीतर सरळ बर्फाचा गोळा होतो.

पसरट स्टीलच्या डब्यात ओतून फ्रीझरला ठेवा, तासाभराने कडा गोठायला लागतात त्या काट्याने खरवडून मधे ढकला, असं दर अर्ध्या तासाने तीनचारदा करायचं. कंटाळा आला तर पूर्ण गोठवून तुकडे करा आणि परत मिक्सरला फिरवा, लगेच खायला घ्या.